पहिलटकरणीची लांब रात्र

साल १९१०. पुण्यात माघाची थंडी पडली आहे. तुम्ही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आला आहात, दिवस भरले आहेत, आणि शनिवार पेठेतल्या या वाड्यात माजघरालगतची अंधारी खोली तुमच्यासाठी सारवून ठेवली आहे. आत बाज, शेगडी, ओव्याशेपांची पुडी, मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांच्या घड्या. दहाचे ठोके पडून गेले आहेत. घर निजलं आहे.

कंबरेत काहीतरी भरून येतं, पुढे ओटीपोटात उतरतं आणि ओसरतं. पाळीच्या पहिल्या दिवशी दुखतं तसं. तुम्ही कुशीवर वळता. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा. मग बराच वेळ काहीच नाही, इतका की आपल्याला भास झाला असंच तुम्ही धरून चालता. आणि मग तिसरी.

तुमच्या चुळबुळीनं आजीला जाग येते. गेला महिनाभर तुमचं पोट मधूनच कडक व्हायचं, तेव्हा तिनं ‘खोट्या कळा गं त्या’ म्हणून विषय संपवला होता. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या लंडनच्या डॉक्टरनं १८७२ साली लिहून ठेवलं होतं की गर्भाशय गरोदरपणात आधीपासूनच असं अधूनमधून आवळत असतं. या वाड्यात त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण खऱ्याखोट्याची पारख आजीकडे आहे.

“कुठं दुखतंय? पुढं की पाठीत?”

“पाठीतून पुढं येतंय.”

“ऊठ. चौकात चार फेऱ्या मार. खोट्या असतील तर जिरतील.”

तुम्ही शाल पांघरून चालता. फरशी गार आहे. तुळशीवृंदावनाशी येता येता कळ येते आणि तुम्ही कठड्याला धरून उभ्या राहता. ती जिरत नाही. चालून थोडी वाढतेच. अकराच्या आत अशा तीन झालेल्या असतात: दोन वीसेक मिनिटांच्या अंतरानं, एक जरा लवकर. प्रत्येक कळ अर्धा मिनिट टिकते. मधल्या वेळात तुम्ही आजीशी बोलता, चक्क हसतासुद्धा. सुरुवातीच्या कळांचा स्वभावच असा की त्या येतात तेव्हा बाई थबकते आणि गेल्या की तिचं ती होते.

एकाच्या सुमाराला अंतर बाराएक मिनिटांवर आलेलं असतं. सारख्या अंतरानं येतात असंही नाही. एक दहावर, एक पंधरावर, मग दोन लागोपाठ. पण तासाला तास लावून पाहिलं तर कल दिसतो: अंतर आखडतंय, टिकणं लांबतंय, जोर वाढतोय. तुमच्या लुगड्याला रक्ताची छटा असलेला चिकट स्राव लागलेला आईला दिसतो. इतके महिने पिशवीच्या तोंडाशी बसलेला चिकट बोळा सुटला आहे. आई गड्याला कंदील घेऊन सुईणीकडे पाठवते.

सुईण मागच्या दारानं येते. एरवी या घरात तिला ओटीच्या वर पाऊल टाकता येत नाही, तिचा स्पर्श झाला तर आंघोळी होतात. आज मात्र घरातला सगळ्यात नाजूक जीव तिच्याच हातावर सोपवायचा आहे. बाळ झालं की ती पुन्हा मागच्याच दारानं जाईल. हे सांगितल्याशिवाय या रात्रीची गोष्ट पुरी होत नाही.

ती हात शेकून घेते आणि तळवा तुमच्या पोटावर, बेंबीच्या वर, सपाट ठेवते. दाबत नाही, चोळत नाही. नुसता ठेवते.

“आली बघ,” ती म्हणते.

तुम्हाला काहीच जाणवलेलं नसतं. तुम्ही तसं सांगायला तोंड उघडता, आणि तेवढ्यात कंबर भरून येते. पुढच्या कळेलाही तेच. तिचा हात तुमच्याआधी ओळखतो. कळ ओसरली असं तुम्ही म्हणता तेव्हाही ती हात उचलत नाही. आणखी काही क्षण थांबते आणि मगच म्हणते, “हं. आता गेली.”

घड्याळाकडे ती बघत नाही, तुमच्याकडे बघते. कळ आली असताना तुम्हाला वाक्य पुरं करता येतंय का, हे तिचं माप आहे. तुम्ही बोलत राहता तोवर ती निवांत. तूप घातलेली पेज प्यायला लावते, लघवीला पाठवते, मग डाव्या कुशीवर निजवते. दाराशी आलेली शेजारीण म्हणते, “जोर कर गं, जोर कर!” सुईण तिला बाहेर घालवते. आत्ता जोर करून काही उघडायचं नाही, नुसती बाई थकायची. खोलीतून माणसं कमी झाली तशा मंदावलेल्या कळा पुन्हा लयीत येतात. भीतीच्या वेळी रक्तात सुटणारं अ‍ॅड्रिनॅलिन कळांना दाबतं, हे शरीरशास्त्र तिला कुणी शिकवलेलं नाही. कोणासमोर बाई आखडते ते मात्र तिनं अनेक घरांत पाहिलेलं आहे.

सगळ्याच सुईणी अशा नव्हत्या. न धुतलेला हात आत घालून तपासणाऱ्या होत्या, पहिल्या कळेपासून जोर करायला लावणाऱ्या होत्या, आणि अशा अस्वच्छतेपायी बाळंतज्वरानं गेलेल्या बायका आणि धनुर्वातानं गेलेली बाळं जवळपास प्रत्येक घराण्याच्या आठवणीत होती. जुनं ते सोनं असं मला मुळीच म्हणायचं नाही. याच पुण्यात आनंदीबाई जोशी १८८७ साली वारल्या. त्याच्या आदल्याच वर्षी फिलाडेल्फियाला त्यांनी हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून डॉक्टरकी मिळवली होती, पण इथल्या बाळंतिणींपर्यंत ती विद्या पोचवायला त्यांना आयुष्य पुरलं नाही. आणि तुम्ही ज्या माघात कळा सोसताय त्याच्या काही महिने आधी, १९०९ मध्ये, रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आहे. पुढे तिथून शिकलेल्या परिचारिका आणि सुईणी बाहेर पडतील. तुमच्या लेकीच्या बाळंतपणाला कदाचित त्यांतली एखादी येईल.

पहाटे पाचला सुईण अजून म्हणतेय, “वेळ आहे.” सात तास झाले आहेत. तुम्हाला वाटतं, इतकं सोसूनही काहीच होत नाहीये.

इथून तुम्ही चाळीसेक वर्षं पुढे आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला जाता. उरुग्वे देशातलं मोंतेविदेओ शहर, १९५० च्या आसपासचा काळ. तुम्ही तशाच पहिलटकरीण, तशाच सुरुवातीच्या कळांत. फक्त पोटावर हात नाही. एक बारीक नळी पोटाच्या भिंतीतून आत गर्भजलात सोडलेली आहे, आणि तिचं दुसरं टोक दाब मोजणाऱ्या यंत्राला जोडलेलं आहे. कागद सरकतोय, लेखणी रेघ काढतेय. एर्मोहेनेस आल्वारेस आणि रोबेर्तो काल्देइरो-बार्सिया हे दोन डॉक्टर त्या रेघेकडे बघत उभे आहेत. कळ म्हणजे नेमकं काय, हे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजण्याचा त्यांनी ध्यास घेतला आहे.

रेघ शांत असते तेव्हाही शून्यावर नसते, गर्भाशयाला थोडा ताण कायम असतो. मग ती चढू लागते. त्या तळापासून दहा मिलिमीटर चढली की पोटावरच्या हाताला कडकपणा कळतो. तुम्हाला अजून काही नाही. पंधराच्या आसपास पोचली की तुम्हाला दुखायला लागतं. उतरतानाही तेच उलट क्रमानं: पंधराच्या खाली आली की तुमचं दुखणं थांबतं, हाताला मात्र ती अजून लागत असते. पुण्यातल्या सुईणीचं ‘आली बघ’ आणि ‘आता गेली’ हे दोन्ही या कागदावर शाईनं उमटलेलं आहे. तुम्हाला जी कळ पाऊण मिनिटाची वाटते ती आत त्याहून लांब असते. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. बाईचं सांगणं आणि हाताचं सांगणं वेगळं का पडतं, आणि तरी दोन्ही खरी कशी, हे त्यानं दाखवून दिलं.

त्यांनी कळांचा हिशोबही मांडला. कळेची उंची गुणिले दहा मिनिटांतल्या कळांची संख्या. आजही जगभर या मापाला मोंतेविदेओ एककच म्हणतात. तिसाव्या आठवड्यापर्यंत हा आकडा विसाच्याही खाली असतो. शेवटच्या आठवड्यांत हळूहळू चढतो. ऐंशी ते एकशेवीसच्या दरम्यान कुठेतरी बाई म्हणते, ‘कळा सुरू झाल्या.’ म्हणजे तीसची उंची आणि दहा मिनिटांत तीन कळा असल्या तर नव्वद. पुढे, बाळंतपण वेगात आल्यावर, पन्नासची उंची आणि चार कळा, म्हणजे दोनशे. कळा सुरू होण्याचा एकच एक क्षण शोधू गेलात तर हाती लागत नाही, कारण चढण कित्येक आठवडे आधीपासून चालू असते.

कळ कुठून निघते तेही त्यांनी शोधलं. गर्भाशयाच्या वरच्या कोपऱ्याशी, जिथे बीजनलिका येऊन मिळते, तिथून ती निघते आणि सेकंदाला सुमारे दोन सेंटिमीटरच्या वेगानं खाली पसरते. पंधराएक सेकंदांत सगळी पिशवी आवळलेली असते. वरचा भाग जाड, त्याची ओढ जास्त आणि जास्त वेळ टिकणारी. खालचा भाग पातळ. शिवाय कळ ओसरल्यावर वरचे स्नायू पुरते मूळ लांबीवर येत नाहीत, प्रत्येक वेळी थोडे आखूडच राहतात. त्यामुळे खालचा भाग थोडाथोडा वर ओढला जातो. पहिलटकरणीत पिशवीचं तोंड आधी लांबटच असतं, तीनेक सेंटिमीटरची नळी. सुरुवातीच्या कळांचं काम ती नळी मऊ करून, पातळ करून, वर खेचून संपवण्याचं असतं. उघडणं त्यानंतर. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पातळ होणं आणि उघडणं बरोबरीनं चालतं, म्हणून ती बाळंतपणं लवकर उरकतात.

पुण्यात पहाटे पाचला ‘काहीच होत नाहीये’ असं तुम्हाला वाटलं ना, तेव्हा हे होत होतं. आणि सुईणीनं कुशीवर निजवलं होतं त्याचाही पुरावा याच कागदांत सापडतो: पाठीवर निजलेल्या बाईच्या कळा जास्त वेळा येतात पण उथळ, कुशीवर वळली की कमी वेळा येतात आणि जोरकस.

आता न्यूयॉर्क, १९५४. स्लोन हॉस्पिटल. तुम्हाला गुंगीचं औषध दिलेलं आहे, त्या काळी तिथे तोच रिवाज. एमॅन्युएल फ्रीडमन नावाचा तरुण डॉक्टर ठरावीक वेळानं येऊन पिशवीचं तोंड किती उघडलं ते तपासतो आणि आलेखाच्या कागदावर एक ठिपका टाकतो. आडवे तास, उभे सेंटिमीटर. पुढच्या वर्षी त्यानं पाचशे पहिलटकरणींचे आलेख एकत्र मांडले. रेघ आधी कितीतरी तास जवळजवळ सपाट जाते आणि मग झपकन वर चढते. सपाट भागाला नाव मिळालं सुप्त अवस्था. पहिलटकरणीला ती वीस तासांपर्यंत चालू शकते, दुसऱ्या खेपेला चौदा, अशी मर्यादा त्यानं सांगितली.

आलेखानं बाळंतपणाला पहिल्यांदा दिसणारं रूप दिलं, हे मोठंच काम. फ्रीडमननं स्वतः या काळाला तयारीचा काळ म्हटलं. पण त्याच्या कागदावर उभ्या रेघेला फक्त उघडणं होतं. पातळ होणं, मऊ होणं, वर ओढलं जाणं यांना तिथे जागा नव्हती. त्यामुळे ज्या तासांत कळा सगळ्यात बारीक काम करत होत्या, ते तास कागदावर रिकामे दिसले. आणि रिकामे दिसणारे तास दवाखान्यात कुणाला धीर धरू देत नाहीत.

१९७२ साली ऱ्होडेशियातल्या सॅलिसबरीला, आजच्या हरारेला, फिलपॉट आणि कासल या डॉक्टरांनी त्या आलेखावर दोन तिरक्या रेघा मारल्या: एक सावध होण्याची, दुसरी पावलं उचलण्याची. तासाला एक सेंटिमीटर हा त्यांचा वेग. दूरच्या केंद्रात एकट्यानं काम करणाऱ्या दाईला, अडलेली बाई मोठ्या दवाखान्यात कधी हलवायची हे कळावं म्हणून. त्या रेघांनी जीव वाचवले. आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतला पार्टोग्राफ नावाचा तक्ता हा त्या आलेखाचाच वारस.

पण ती सावध होण्याची रेघ लवकर सुरू झाली, साधारण तीन-चार सेंटिमीटरवर. २०१० साली अमेरिकेतल्या १९ रुग्णालयांतल्या बासष्ट हजारांहून जास्त बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की चारावरून पाचावर जायला सहा तासांहून जास्त, पाचावरून सहावर जायला तीन तासांहून जास्त वेळ लागूनही पुढे सगळं सुरळीत होऊ शकतं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पाच सेंटिमीटर ही वेस ठरवली. त्याच्या आधीचा काळ सुप्त. तो किती चालावा याचं ठरलेलं माप नाही, आणि आई-बाळ ठीक असतील तर त्या काळात घाई करण्यासाठी सलाईनमधून कळा वाढवणं किंवा सिझेरियन करणं योग्य नाही, असं तिनं स्पष्ट म्हटलं.

आणि तुम्ही आज इथे आहात. तालुक्याच्या गावी, रात्रीचा एक, हातात मोबाइल. कळ सुरू झाली की बटण दाबता, संपली की पुन्हा. एक लक्षात ठेवा: अंतर मोजायचं ते एका कळेच्या सुरुवातीपासून दुसऱ्या कळेच्या सुरुवातीपर्यंत. दोन कळांमधली निव्वळ विश्रांती मोजणाऱ्या बायका पुष्कळ असतात, आणि मग दवाखान्यात सांगितलेला आकडा चुकतो.

दवाखान्यात पोचता आणि कळा मंदावतात. झगझगीत दिवे, अनोळखी चेहरे, फिनेलचा वास. पुण्यातली शेजारीण दाराशी आली तेव्हा झालं होतं तेच. सिस्टर तळवा पोटावर ठेवून पूर्ण दहा मिनिटं बसते, बोटांनी हलकेच दाबून बघते. नर्सिंगला शिकवतात तसं: कळेच्या ऐन भरात पोट नाकाच्या शेंड्यासारखं लागलं तर कळ सौम्य, हनुवटीसारखं लागलं तर मध्यम, कपाळासारखं लागलं तर जोराची. दहा मिनिटांत दोन, पस्तीस सेकंदांच्या, हनुवटीसारख्या. आतून तपासून म्हणते, “दोन बोटं उघडलंय. वेळ आहे अजून.”

बाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांना हे ऐकवत नाही. “रात्रीपासून दुखतंय आणि दोनच बोटं? काहीतरी करा की.” त्यांची काळजी खरी आहे. पण पुष्कळदा डॉक्टरवर ‘काहीतरी करण्याचा’ दबाव इथूनच येतो, आणि सुरुवातीच्या काळातच सलाईन लागतं. नंतर आपणच म्हणतो, हल्ली नॉर्मल बाळंतपणं होतच नाहीत.

त्या बाकावरच्या माणसांना माझी विनंती आहे. तिला विचारू नका, ‘किती राहिलं?’ पाणी द्या, हलकं खायला चालतं का ते सिस्टरला विचारा, तिला चालवा, कुशीवर निजवा, कंबर दाबून द्या, दिवा कमी करायला सांगा. जिच्याजवळ तिला मोकळं वाटतं अशी एक बाई आत राहू द्या. सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी अशी सोबतीण असू द्यावी, अशी केंद्र सरकारची सूचना २०१६ मध्येच निघालेली आहे. पहाटेकडे अंतर पाच मिनिटांवर येईल, मग चारावर, तीनावर. कळ मिनिटभर टिकू लागेल, आणि त्या मिनिटात तिला तुमच्याशी बोलता येणार नाही, बोलायचंही नसेल. तिथून पुढचा टप्पा वेगळा.

पहिल्या खेपेला पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायचं, असा साधारण नियम सांगतात. दवाखाना लांब असेल, वाटेत घाट किंवा नदी असेल, दुसरी खेप असेल, तर त्याआधीच निघा. आणि काही गोष्टींत कळांचा हिशोब मुळीच करत बसू नका: पाणी गेलं, विशेषतः ते हिरवट-पिवळट असेल, पाळीसारखा रक्तस्राव झाला, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा झटके आले, ताप भरला, सदतिसावा आठवडा पुरा व्हायच्या आत कळा सुरू झाल्या, आधीचं सिझेरियन आहे. अशा वेळी लगेच दवाखाना गाठा. १०२ आणि १०८ या दोन्ही क्रमांकांवर रुग्णवाहिका मिळते, तिला पैसे पडत नाहीत.